बेंबीएवढ्या जागेत

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुर्बीण पुसत होतो. आम्ही जिला दुर्बीण म्हणतो ती पेन्सिलीपेक्षा बारीक, हातभर लांब पोलादी नळी असते. तिच्या टोकाला भिंग असतं, आणि ते मऊ कापडानंच पुसायचं. साध्या फडक्यानं पुसलं की चरे पडतात. सकाळचे साडेअकरा झाले होते. वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "दत्ता, डॉक्टर गेले. हातातलं काम पुरं कर, मग ये." मी काम पुरं केलं. भिंग उजेडाकडं धरून बघितलं, दुर्बीण पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि मग खाली फरशीवर बसलो... कुणाला वाटेल हा माणूस कोरडा आहे. पण ज्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली त्यांना अर्धवट पुसलेलं भिंग चाललं नसतं, आणि हे वहिनींनाही माहीत होतं.

डॉ. नागनाथ लहान मुलांचे सर्जन म्हणून धाराशिव जिल्ह्यात माहीत होते. मूळचे अणदूरकडचे. घरात कानडी, दवाखान्यात मराठी, आणि राग आला की दोन्ही. गेल्या महिन्यात त्यांना त्यांच्याच शेतात माती दिली. पेपरात फोटो आला, शोकसभा झाली, मोठमोठी माणसं बोलली. प्रत्येकाच्या बोलण्यात 'देवमाणूस' आला. मी त्यांना देवमाणूस म्हणणार नाही. देवाच्या शेजारी उभं राहून कॅमेरा धरता येत नाही, कोपराला कोपर लागतं. माझ्या कोपराला जेवढं माहीत आहे, तेवढंच मी इथं लिहिणार आहे.

मी ईट गावचा. वडील बैलांना पत्र्या मारायचे, म्हणजे बैलाच्या खुराला लोखंडी नाल ठोकायचं काम. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. बी.एस्सी., प्राणिशास्त्र, फर्स्ट क्लास. हे मी अजूनही न विचारता सांगतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. डिग्री झाल्यावर दोन वर्षं घरी बसलो. मग कुणीतरी सांगितलं, धाराशिवला एका डॉक्टरला कॅमेरा धरायला माणूस पाहिजे. मला वाटलं, लग्नाबिग्नाचा कॅमेरा असेल. तरी मार्कशीटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेलो. डॉक्टरांनी पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही.

"वडील काय करतात?" त्यांनी विचारलं.

बैलांना पत्र्या मारतात, असं सांगताना माझा आवाज जरा खाली गेला असावा.

"मग तू बैलाचा पाय धरलायस का कधी?"

"धरलाय की. बारावीपर्यंत मीच धरायचो."

"आन् हलला तर?"

"हलू द्यायचा नसतो सर. हलला की खिळा मांसात जातो."

ते खुर्चीत मागं रेलून हसले. "उद्यापासून ये. डिग्री बी आण येताना, फायलीला लागंल."

म्हणजे मला नोकरी लागली ती बापाच्या धंद्यावर. डिग्री फायलीला लागली. हा राग मी बरेच दिवस मनात धरून होतो. पुढं त्यांनीच मला थिएटर टेक्निशियनचा कोर्स करायला लावला, परीक्षेला रजा दिली, पास झालो तेव्हा पेढे वाटले. पण मला हाक मारायची ती कायम 'बीएस्सी' अशीच. "ए बीएस्सी, कुठं उलथलास?" त्यात चिडवणं होतं आणि कौतुकही होतं. कुठलं किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता काम काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लहान मुलाचं अपेंडिक्स म्हणा, पोटातली गाठ म्हणा, पूर्वी पोटावर आडवा चिरा देऊन काढत. मग दुर्बीण आली, तेव्हा तीन ठिकाणी बारीक भोकं पाडायला लागले. डॉक्टर त्याच्याही पुढं जाऊन सगळं एकाच भोकातून करायचे, आणि ते भोक बेंबीत. बेंबीला जन्मापासूनच घडी असते. त्या घडीत लहानसा चिरा द्यायचा, पोटात थोडा वायू भरून जागा करायची, आणि त्याच एका वाटेनं दुर्बीण आणि दोन अवजारं आत घालायची. काम झालं की बेंबी पुन्हा घडीत घालून टाका आतल्या आत. दोन महिन्यांनी आईलासुद्धा जागा सापडत नाही. ऐकायला सोपं आहे. पण एका बेंबीत तीन नळ्या म्हणजे एका उखळात तीन मुसळं. अवजारं आत एकमेकांवरून जातात, म्हणून उजव्या हातातलं टोक पडद्यावर डावीकडं दिसतं आणि डाव्या हातातलं उजवीकडं. आणि दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा धरणारा माणूस सर्जनच्या काखेत शिरल्यासारखा वाकून उभा. त्यानं श्वास जोरात घेतला तरी पडदा हलतो. तो माणूस मी. पडद्यावर आतलं पोट परातीएवढं मोठं दिसायचं, पण आमचे तीन हात बेंबीएवढ्या जागेत असायचे.

ही सवय लागावी म्हणून त्यांनी घरी एक डबा केला होता. वहिनींचा पापडाचा, चौकोनी, झाकणाचा. झाकणाच्या मधोमध बेंबीएवढं भोक पाडलं, त्यावर रबरी हातमोज्याचा तुकडा ताणून बसवला, एका बाजूनं आत मोबाइल अडकवला की झालं पोट तयार. त्या भोकातून अवजारं घालून ते ज्वारीचे दाणे एका बाटलीच्या बुचातून दुसऱ्या बुचात टाकायचे. तळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली असायची, तिच्यावर सुई-दोऱ्यानं गाठी मारायचे. रोज सकाळी, चहाच्या आधी. वहिनी म्हणायच्या, "पापड ठेवायचे कशात मी? तुमच्या पोटात?" एकदा मला म्हणाले, "मार बरं एक गाठ." मी घाम गाळून पाऊण तासात एक मारली. त्यांनी मोबाइलवर बघितली. "बीएस्सी, ही गाठ हाय का बैलाची दावण?" म्हणाले. तरी ती त्यांनी कापून टाकली नाही, आठवडाभर पट्टीवर तशीच ठेवली.

थिएटरमध्ये ते फार कमी बोलायचे. एकच शब्द सारखा असायचा, 'निधान'. कानडीत त्याचा अर्थ सावकाश. मी दुर्बीण घाईनं पुढं नेली की "निधान." स्वतःचा हात अडला तरी "निधान," तेही स्वतःलाच. आमच्या भुलीच्या मॅडम लातूरच्या, त्यांना कानडीचं एक अक्षर येत नव्हतं, पण पोराला जाग येताना त्याही "निधान, निधान" म्हणायला लागल्या होत्या.

सर्वात अवघड काम असायचं ते दीड-दोन महिन्यांच्या बाळाचं. काही बाळांच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू जाड होतो, दूध पुढं सरकत नाही, पाजलं की कारंज्यासारखी उलटी होते. बाळ भुकेनं रडतं, पितं आणि पुन्हा उलटी. तो जाड झालेला स्नायू वरून चिरायचा, पण आतलं नाजूक अस्तर फाटू द्यायचं नाही. "बोर चिरायचं, बी दुखवायची न्हाय," असं ते सांगायचे. नाळ पडून जेमतेम महिना झालेला असायचा, आणि आम्ही त्याच दारानं आत. अशा वेळी मी अंगठ्यावर उभा राहून श्वास दातात धरायचो. चिरा नीट पडला की आतलं अस्तर हळूच वर फुगून येतं, आणि डॉक्टर मास्कच्या आतून "हां..." एवढंच म्हणायचे. त्या 'हां'साठी मी अकरा वर्षं तिथं राहिलो असं म्हटलं तरी चालेल. चार-सहा तासांनी त्याच बाळाच्या आईला चमचाभर दूध पाजायला सांगायचे आणि स्वतः दाराच्या फटीतून बघत उभे राहायचे, उलटी होते का नाही ते. झाली नाही की तसेच मागच्या मागं निघून जायचे.

पण बेंबीतल्या या न दिसणाऱ्या टाक्यानं आम्हाला सुरुवातीला फजीत केलं. अणदूरचा सहा वर्षांचा एक मुलगा. अपेंडिक्स काढलं, तिसऱ्या दिवशी घरी सोडला. आजोबांनी घरी गेल्या गेल्या सदरा वर करून बघितला, तर पोट जसंच्या तसं. त्यांनी गल्ली गोळा केली. "कुठं कापलंय दावा! सलायन लावून पाठवलंय घरी. गंडवलं आपल्याला." मग पोरगं बरंच आहे म्हटल्यावर पथ्य कशाचं? चौथ्या दिवशी त्याला खांद्यावर बसवून खंडोबाला नेलं, येळकोट झाला, आणि आजोबांनी श्रद्धेनं चिमूटभर भंडारा नातवाच्या बेंबीत भरला. बरोबर टाक्यावर! पुढच्या सोमवारी पोरगं आमच्याकडं, बेंबीतून पिवळं पाणी येतंय. सिस्टर घाबरल्या, पू झाला म्हणाल्या. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यानं पुसलं, वास घेतला आणि म्हणाले, "पू न्हाय. हळद हाय." आजोबा हात जोडून उभे. "देवाचा भंडारा हाय डाक्टर, त्यानं काय व्हतंय?" डॉक्टर म्हणाले, "देव माझाबी तोच हाय मामा. पर त्यो बेंबीत बसत न्हाय, कपाळाला बसतो."

जखम थोडक्यात निभावली. सगळे गेल्यावर मी आजोबांना अडाणी म्हणालो. शिकलेल्या माणसाला ते म्हणायची फार हौस असते. डॉक्टर म्हणाले, "चूक त्यांची न्हाय. आपण पुरावाच ठेवला न्हाय. माणूस डोळ्यांनी बघून पथ्य पाळतो." दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात नवी रीत सुरू झाली. ऑपरेशन झालं की बेंबीवर लागते तेवढी लहान पट्टी, आणि तिच्यावरून तळहाताएवढी मोठी, पांढरीशुभ्र, जाड पट्टी. तिचा औषधाच्या दृष्टीनं काडीचा उपयोग नव्हता. आईबापाला ते सरळ सांगायचे, "खालची पट्टी जखमेसाठी. वरची तुमच्या गावासाठी. आठ दिवस काढायची न्हाय." ती पट्टी बघून घरचे पोराला उचलून न्यायचे, शेजारचे साखर घेऊन यायचे, आणि पोरगं आठ दिवस राजासारखं खाटेवर.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी चार वेळा बसलो आणि उठलो...

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी झाली आणि थिएटरमध्ये मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. आत काम चालू असताना अवजार दुर्बिणीला लागायचं. तसं ते नेहमीच घासतं, एका वाटेतले तीन प्रवासी म्हटल्यावर धक्का लागणारच. पण इतक्या वर्षांत आमचा एक मेळ बसला होता. ते कुठं वळणार हे माझ्या मनगटाला आधी कळायचं. हा धक्का तसला नव्हता. नळीला नळी लागून खट् असं व्हायचं, आणि पडदा हलायचा. "कॅमेरा हलतोय बीएस्सी," ते म्हणायचे. "सॉरी सर," मी म्हणायचो. पाय बदलून उभा राहायचो, कोपर पोटाशी घट्ट धरायचो. पुन्हा खट्. पुन्हा "सॉरी सर." तिसऱ्या-चौथ्या ऑपरेशनला मला कळलं होतं की कॅमेरा हलत नाही. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा अवजार सोडतोय. ते मी कुणालाच सांगितलं नाही. ज्या माणसानं मला बैलाच्या पायापासून इथवर आणलं, त्याला 'तुमचा हात हलतोय' कसं म्हणायचं? मी सॉरी म्हणत राहिलो. दोन महिने म्हणत राहिलो. त्या दोन महिन्यांत टेबलावर कुणाकुणाची पोरं होती, ते मी आजही एकेक मोजतो. कुणाला काही झालं नाही, हे खरं. पण त्याचं श्रेय माझ्या सॉरीला नाही.

मग समृद्धी आली. येडशीची, नऊ वर्षांची, अपेंडिक्स सुजलेलं. तिच्याबरोबर आईबाप होते, पण बोलायचं काम आजीकडं. कौशल्याबाई नाव, सडसडीत, आवाज खणखणीत. "आमच्या शेजारणीच्या पोराचं तुमी बेंबीतनं काढलं, वण बी न्हाय ऱ्हायला. माझ्या नातीचं तसंच करा. पोरीची जात हाय, उद्या दुसऱ्याच्या घरी जायची. पोटावर वण दिसला तर धा तोंडं धा गोष्टी करत्यात."

"करतो आजी. एकच, तेबी बेंबीत."

"शब्द?"

"शब्द."

एरवी ते शब्द देत नसत. 'बघू, आत गेल्यावर ठरवू' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी का दिला, मला माहीत नाही. बहुतेक आजी नको तेवढी जोरात विचारत होती.

आत गेल्यावर दिसलं, अपेंडिक्स आतड्याच्या मागं चिकटून बसलंय. ते सोडवून बेंबीपर्यंत वर आणायला जागा पाहिजे होती आणि दोन अवजारांनी दोन बाजूंनी धरायला पाहिजे होतं. एका वाटेतून ते होईना. खट्. "निधान," ते म्हणाले. पुन्हा खट्. बारीक रक्त यायला लागलं, पडदा लाल झाला, मी दुर्बीण बाहेर काढून पुसली आणि पुन्हा घातली. भुलीच्या मॅडम घड्याळ बघत होत्या. "कॅमेरा हलतोय," ते म्हणाले. मी सॉरी म्हणालो नाही. मी बघत होतो की त्यांच्या डोळ्यांसमोर पोरगी नाही, आजी आहे. बाहेर दिलेला शब्द आत येऊन उभा राहिला होता. डाव्या बाजूला एक बारीक भोक घेतलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. हे तेच आम्हाला शिकवायचे, 'आपली हौस पोराच्या पोटावर भागवायची न्हाय.' पण ते घेईनात. आणि थिएटरमध्ये कॅमेरा धरणाऱ्यानं बोलायची रीत नसते.

"सर," मी म्हणालो, "दुसरं भोक घ्या."

सिस्टरच्या हातातला कापूस हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पडद्याकडंच बघत राहिले... मग म्हणाले, "सिस्टर, ब्लेड." डाव्या अंगाला, कमरेच्या वर, बोटाच्या पेराएवढा चिरा. डाव्या हातात काम घेतलं, उजव्या हातानं नुसतं धरलं. सहा मिनिटांत अपेंडिक्स बाहेर.

ते तसेच टोपी न काढता बाहेर गेले. मी मागं. आजीसमोर उभे राहिले. "आजी, नात बरी हाय. पर दोन भोकं घ्यावी लागली. माझा हात चालला न्हाय." कौशल्याबाईंनी जे तोंड सोडलं ते सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. शब्द दिला व्हता तुमी, पोरीच्या जल्माला डाग लावला, मोठा डाक्टर म्हून आलो व्हतो. आत अडचण काय आली, ते त्यांना सांगता आलं असतं. पण ते तिचं संपेपर्यंत उभे राहिले आणि मग "व्हय" एवढंच म्हणाले.

कपडे बदलायच्या खोलीत ते बाकावर बसले. मी दाराशी.

"कॅमेरा हलत नव्हता ना?"

"न्हाय सर."

"कधीपास्नं?"

"दिवाळीपास्नं."

ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते, दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसं. "मग इतके दिवस सॉरी कशाला म्हणत होतास रे?" मी डोक्यावरची टोपी काढून तिची घडी घातली. "आज बोललास ती चूक न्हाय तुझी," ते म्हणाले. "दोन महिने बोलला न्हाईस, ती हाय."

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला तपासायला गेले. शरीरातल्या नसा हळूहळू स्नायूंना हुकूम द्यायचं सोडून देतात, असा तो आजार. हातापासून सुरू होतो, पुढं पाय, मग जीभ. औषध नाही. त्यांनी त्या दिवसानंतर एकाही पोराला हात लावला नाही. डॉ. मेघना म्हणून एक तरुण सर्जन आल्या, त्यांना तयार करायला लागले. स्वतः टेबलापासून दूर, स्टुलावर बसून पडदा बघायचे. आणि एक नियम घातला. सकाळी थिएटरला जायच्या आधी सर्जननं तसल्याच एका डब्यात पाच गाठी मारायच्या. कॅमेरा धरणाऱ्यानं त्या तपासून मोठ्यानं सांगायचं. एक जरी सुटली तर त्या दिवशी एका भोकाचा हट्ट नाही, सरळ दोन-तीन घ्यायची. मेघना मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, "सर, हे टेक्निशियननं सांगायचं?" ते म्हणाले, "त्यानंच. त्याचा हात आपल्या हाताला लागतो. आपल्याला आपला कळत न्हाय." त्या वेळी त्यांची जीभ जड व्हायला लागली होती, शब्द ओले यायचे, पण हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

शेवटची भेट ते गेले त्याच्या आधीच्या रविवारची. बोलणं बंद होऊन चार महिने झाले होते. मान उशीला टेकलेली, डोळे मात्र पहिल्यासारखे. मेघना मॅडमनी पाच आठवड्यांच्या बाळाचं 'बोर' एकाच वाटेनं चिरलं होतं, त्याचं चित्रण मी मोबाइलमध्ये नेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरला. चिरा पडला, अस्तर वर आलं... त्या 'हां'ची जागा आली आणि माझाच हात थरथरायला लागला. त्यांनी नजर पडद्यावरून काढून माझ्या हातावर आणली, मग माझ्या तोंडावर. डोळ्यांत हसू. वहिनी खुर्चीतूनच म्हणाल्या, "कॅमेरा हलतोय म्हणतायत."

"सॉरी सर," मी म्हणालो. ते मात्र खरं होतं.

माती दिल्यावर आठवडाभर घरी लोकांची रीघ होती. गावोगावचे आईबाप पोरांना घेऊन आले. त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. पोरांचे सदरे वर करून उभे राहायचे. "हे बघा वहिनी, ह्याचं डाक्टरांनी केलं व्हतं." आणि बघायला काहीच नसायचं. बेंबी, तीही दुसऱ्या पोरांसारखी. अणदूरचा भंडारावाला मुलगा आला, आता चांगला उंच झालाय. त्यानंही सदरा वर केला, आणि आजोबा त्याच्या पोटावर बोट फिरवत जागा शोधत राहिले. वहिनी प्रत्येकाला "हो, दिसतंय" म्हणत होत्या.

दुपारी कौशल्याबाई आल्या, बरोबर समृद्धी. मी उठून बाहेर जाणार होतो, म्हटलं आता पुन्हा तोंड सोडतायत का काय. त्या वहिनींच्या शेजारी बसल्या, नातीला जवळ ओढलं आणि फ्रॉकवरूनच तिच्या डाव्या कुशीवर बोट ठेवलं. "हितं हाय."

"आज्जी, गप की गं," पोरगी लाजून म्हणाली.

"का गप? ह्या समद्या पोरांच्या पोटावर काय हाय? कायबी न्हाय. डाक्टरची खूण माझ्या नातीकडंच हाय." मग माझ्याकडं न बघता, "लई बोलले व्हते म्या त्यांना. त्यांनी एक शबूद उलटा दिला न्हाय."

लोक कमी झाल्यावर वहिनींनी तो पापडाचा डबा माझ्या हातात ठेवला. "बोलता येत होतं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, डबा दत्ताला द्यायचा." मला वाटलं, आठवण म्हणून. घरी येऊन उघडला. तळाला ट्यूबच्या पाच-सहा पट्ट्या सुतळीनं बांधून ठेवलेल्या, जुन्या, एरवी ते फेकून द्यायचे तसल्या. प्रत्येकीच्या मागं पेनानं लिहिलेलं. 'पोळा.' 'दसरा.' 'दिवाळी.' पोळ्याच्या पट्टीवर गाठी ओळीनं, मोहरीसारख्या. दसऱ्याच्या पट्टीवर पाचातली एक सुटलेली. दिवाळीच्या पट्टीवर दोन... म्हणजे मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. निदान डब्याला तरी कळलं होतं. मग "कॅमेरा हलतोय" म्हणताना त्यांना खरंच तसं वाटत होतं, की त्यांनाही कुणीतरी सॉरी म्हणायला हवं होतं? मी बराच विचार केला. ठरवता आलं नाही. पट्ट्या फेकल्या नाहीत, नीट बांधून माझ्यासाठी ठेवल्या, एवढं मात्र त्यांनी केलं. त्याचा अर्थ त्यांनी सांगितला नाही आणि मी लावणार नाही.

त्या पट्ट्या मी घरी ठेवल्या आहेत, मार्कशीटांच्याच पिशवीत. डबा मात्र दवाखान्यात नेला. रोज सकाळी मेघना मॅडम त्यात पाच गाठी मारतात, मी शेजारी उभा असतो. ऑपरेशन झालं की तळहाताएवढी पांढरी पट्टी गावासाठी अजूनही लावतो. गेल्या गुरुवारी चौथी गाठ मॅडमच्या हातून सुटली. मॅडम म्हणाल्या, "डबा हलला का हो जरा?"

"न्हाय मॅडम," मी म्हणालो. "गाठ सुटली. आज दोन भोकं."